तिसऱ्या घंटेचा दोर

मंगळवारी संध्याकाळी साडेसातला
एकोणचाळीस दगडी पायऱ्या चढून
मी मनोऱ्यात जाते. पांढरी कॉलर खिशात ठेवते.
इथे मी पाळक नाही, इथे मी तिसरी.

कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावरचं ट्रेव्हॉलिन:
सहा घंटा, माणसंही सहाच,
आजारी पडायला सातवं कुणी नाही.
मेरिन, चौदा वर्षांची. लव्हडे, निवृत्त सुईण,
अर्ध्या गावाची नाळ तिने कापलेली.
जोरी पोस्टमन. पास्को, ज्याचा देवावर विश्वास नाही
पण जो सहा वर्षांत एकदाही उशिरा आलेला नाही.
आणि सगळ्यांत जड घंटेशी हेडली, आमचा कप्तान.
रविवारी घंटा वाजवून हे लोक
माझ्या प्रवचनाआधी मागच्या दाराने निघून जातात.
पहिली दोन वर्षं मला ते लागायचं.
कधी कधी अजूनही लागतं.

तेव्हा माझ्याकडे चार गावं होती.
दोन उपासनांच्या मध्ये गाडीत, मांडीवर सँडविच,
मागच्या सीटवर 'विसाव्याचा दिवस पाळा'चे कागद.
छप्पर गळतंय, हिशेब जुळत नाही,
समितीतले दोघे एकमेकांशी बोलत नाहीत,
सगळं मीच धरून ठेवलेलं.
कशासाठी, असं कुणी विचारलं असतं
तर 'प्रभूसाठी' म्हटलं असतं, पटकन,
वाजणारा फोन उचलावा तसं.

हेडलीने दोर हातात दिला तेव्हा एवढंच सांगितलं:
"वर चारशे किलो उलटे उभे आहेत, तोंड आभाळाकडे.
ओढायचं नाही. तिला जायचंच असतं.
तू फक्त कुठवर ते बघ."
मी ओढलं. अर्थात ओढलं.
महिनाभर ओढत होते, तळहाताला फोड,
आणि एका मंगळवारी घंटा वर जाऊन थांबली नाही,
तिला अडवणारी लाकडी दांडी काडकन मोडली,
दोर सळसळत छताकडे निघाला
आणि त्याच्यासोबत मी, टाचा सुटलेल्या.

"सोड!"

हेडलीचा चढलेला आवाज मी एकदाच ऐकला, तो हा.
सोडला.

बाकीचे पाच दोर एकेक करून गप्प झाले.
मी माफी मागायला लागले, लांबलचक, प्रवचनाच्या थाटात.
पास्कोने थर्मास उघडला.
हेडली वरून दांडीचे तुकडे घेऊन आला,
एक हुंगला, म्हणाला, "मोडण्यासाठीच बसवतात.
ही मोडली नसती तर घंटा गेली असती."
आणि खिशातून टेप काढून माप घेऊ लागला.

त्या रात्री गाडीत बसून मी बराच वेळ किल्ली फिरवली नाही.
वर्षभराने दोन गावं दुसऱ्यांकडे दिली.
बिशपना पत्र लिहिताना डोक्यात एकच शब्द होता,
आणि तो काही मी बायबलमधून घेतला नव्हता.

आता दहातून एकदा असं होतं:
घंटा वर पोचते, आणि तिथे,
पडेल की राहील ठरायच्या आधी,
तिचं सगळं वजन माझ्या दोन बोटांत मावतं.
तेवढ्यात लव्हडेचं मनगट खाली येताना दिसतं
आणि मला कळतं, आता.
प्रार्थनेत हे मला क्वचित मिळालंय.
कुणाला सांगितलेलं नाही.

या हिवाळ्यात हेडलीचा उजवा हात कापायला लागला.
त्याने काही जाहीर केलं नाही. मेरिनला म्हणाला, "आज तू सांग,"
आणि भिंतीला टेकून, हात खिशात कोंबून उभा राहिला.
खिशातली मूठ आमच्या तालात हलत होती.
मेरिनचा आवाज चिरकला: "बघा... पहिली निघाली...
गेली!"
पाच घंटांवर आम्ही पार विस्कटलो,
अकराव्या फेरीला कुठे सावरलो.
तो एक अक्षर बोलला नाही.
मला ते जमलं नसतं.

रविवारी दहाला दहा कमी असताना
माझी घंटा उभी करून मी खाली येते, झगा चढवते.
वर ते चौघं पुन्हा सुरू करतात. दोन फेऱ्या
तिसऱ्या ठोक्याची जागा रिकामी राहते,
मग कुणीतरी जवळ सरकतं.
आता ते उतरतील, मागचं दार करकरेल.
जाऊ देत.
पास्कोचा थर्मास मात्र
पहिल्या बाकावर राहिलाय.